एका तुकड्यावरून किती सांगता येते?

मेक्सिकोतील आयोत्सिनापा येथील ग्रामीण अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी सप्टेंबर २०१४ मधील एका रात्री बेपत्ता झाले. त्यांच्यापैकी केवळ तिघांची ओळख अवशेषांवरून पटली आहे, अशा आशयाचे टिपण मागील अंकात आले होते. त्यावरील पत्रांतून अवशेषांच्या ओळखीसंबंधीचे प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : हल्ली रक्ताच्या एका थेंबावरूनही माणूस ओळखता येतो म्हणतात. मग इतकी वर्षे उलटूनही ४३ पैकी तिघेच का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी घटना थोडक्यात सांगतो. दक्षिण मेक्सिकोतील गेरेरो राज्यातले हे विद्यालय १९२६ साली स्थापन झाले आणि तेथे प्रामुख्याने गरीब शेतकरी कुटुंबांतील मुले शिकतात. १९६८ साली २ ऑक्टोबरला मेक्सिको शहरात विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराच्या स्मृतिदिनाच्या मोर्चाला जायचे म्हणून, या विद्यालयांच्या जुन्या प्रघातानुसार, २६ सप्टेंबर २०१४ रोजी ही मुले प्रवासी बस ताब्यात घेण्यासाठी इग्वाला शहराच्या बाजूला गेली होती. त्या रात्री नगर पोलिसांनी त्यांच्या बसवर गोळीबार केला. तीन विद्यार्थ्यांसह सहा जण ठार झाले आणि ४३ जणांना पकडून नेण्यात आले. पोलिसांनी त्यांना ‘गेरेरोस उनिदोस’ या अमली पदार्थांच्या टोळीच्या हवाली केले, असे तपासात पुढे आले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. रक्ताच्या थेंबात डीएनए शाबूत असतो. सरकारच्या म्हणण्यानुसार मुलांचे देह जाळण्यात आले, आणि जळालेल्या हाडात तो असेलच असे नाही. आच लागली की हाड आधी तपकिरी होते, मग काळे पडते, त्यानंतर राखाडी होते आणि शेवटी खडूसारखे पांढरे व ठिसूळ होते. या रंगांवरून हाडाने किती उष्णता सोसली, याचा अंदाज अभ्यासकाला नुसत्या डोळ्यांनीही करता येतो. काळ्या टप्प्यापर्यंत हाडातील सेंद्रिय भाग थोडाफार उरलेला असतो, त्यामुळे प्रयोगशाळेला आशा असते. सहाशे-सातशे अंश सेल्सिअसच्या पुढे, म्हणजे हाड पांढरे पडल्यावर, केवळ खनिजाचा सांगाडा उरतो आणि डीएनए मिळणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय हाड आक्रसते, तडकते आणि त्याचे तुकडे होतात, त्यामुळे लांबीवरून उंची काढणे किंवा ठेवणीवरून वय ठरवणे या जुन्या पद्धतीही बेभरवशाच्या ठरतात.

सरकारच्या म्हणण्यानुसार कोकुला गावाजवळील कचराभूमीतून आणि सान हुआन नदीत सापडलेल्या पिशवीतून मिळालेल्या अवशेषांपैकी निवडक तुकडे नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक वैद्यकीय विद्यापीठाकडे पाठवण्यात आले. अत्यंत खराब झालेल्या नमुन्यांतून डीएनए काढण्यात तेथील प्रयोगशाळेचा हातखंडा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये तिने एका विद्यार्थ्याची ओळख निश्चित केली. पुढच्याच महिन्यात मात्र, अतिउष्णतेमुळे उरलेल्या तुकड्यांतून नेहमीच्या पद्धतीने काही हाती लागत नाही, असे तिने कळवले आणि नव्या पद्धतीचा प्रस्ताव मांडला.

त्या प्रस्तावामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या दोनच प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म घटकांतील डीएनएच्या प्रती मात्र त्याच पेशीत शेकडो ते हजारो असतात, म्हणून आगीतून त्यांपैकी काही वाचण्याची शक्यता जास्त असते. अडचण अशी की हा डीएनए केवळ आईकडून येतो. सख्खी भावंडे, आई, मावशी, मामा आणि आईची आई अशा सर्वांचा तो साधारण सारखाच असतो, आणि दूरच्या, एकमेकांना ओळखतही नसलेल्या माणसांतही तो जुळू शकतो. सप्टेंबर २०१५ मध्ये दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव याच पद्धतीने जाहीर झाले, तेव्हा पालकांच्या वतीने काम करणाऱ्या अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानवशास्त्र पथकाने हा जुळणीचा पुरावा सांख्यिकीदृष्ट्या कमकुवत असल्याचे स्पष्ट सांगितले. त्याच तरुणाची ओळख २०२१ साली कमरेच्या मणक्याच्या तुकड्यावरून पक्की झाली, आणि तो तुकडा वेगळ्या ठिकाणी मिळाला होता. आधीची शंका कोणाला आडमुठेपणाची वाटली असेल, पण माझ्या मते ती शास्त्राला धरूनच होती. आकड्यांतून निघत नाही ते निघते असे सांगायला त्या पथकाने नकार दिला होता, इतकेच.

प्रश्न : आमच्या गावी सरणाला तीन-चारशे किलो लाकूड लागते आणि तरीही सावडताना हाडे हाताला लागतात. उघड्या कचराभूमीत एका रात्रीत ४३ देहांची राख झाली, यावर मेक्सिकोतील लोकांनी विश्वास तरी कसा ठेवला? (एक वाचक, वाई)

उत्तर : पुष्कळांनी ठेवला नाही, आणि त्यांचा हिशेब आपल्यासारखाच होता.

तत्कालीन महान्यायवादी हेसुस मुरिय्यो कराम यांनी ७ नोव्हेंबर २०१४ रोजी मांडलेली हकिगत अशी होती : टोळीने मुलांना कोकुलाच्या कचराभूमीवर नेले, ठार केले, लाकूड, टायर आणि डिझेल वापरून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जाळले, उरलेली हाडे चुरडून पिशव्यांत भरली आणि नदीत फेकली. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी या हकिगतीला ‘ऐतिहासिक सत्य’ असे नाव दिले. मानवाधिकारांच्या आंतर-अमेरिकी आयोगाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञगटाने अग्निशास्त्रज्ञ होसे तोरेरो यांच्याकडून ही हकिगत तपासून घेतली. सप्टेंबर २०१५ मधील त्यांच्या निष्कर्षानुसार ४३ देह त्या अवस्थेला पोचवण्यासाठी ३० टनांहून अधिक लाकूड आणि सुमारे ६० तास लागले असते. टायरांचा हिशेबही टनांतच होता. एवढ्या मोठ्या आगीने आसपासची झाडे होरपळली असती आणि धूर दूरवरून दिसला असता. तशा खुणा तेथे नव्हत्या.

तीस टनांना ४३ ने भागले तर माणशी सुमारे ७०० किलो येतात. हा आकडा आपल्याकडच्या सरणाच्या जवळपास दुप्पट आहे, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण सरण रचण्यामागे पिढ्यांचे ज्ञान असते. खालून हवा खेळते, वर लाकडांचा भार असतो, कोणी ना कोणी जवळ थांबून आग सारखी करत असते, आणि तरीही अस्थी उरतातच.

अर्जेंटिनाच्या पथकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये आपला स्वतंत्र अहवाल दिला. कचराभूमीत निरनिराळ्या काळांतील अनेक आगींच्या खुणा आढळल्या. किमान १९ माणसांचे अवशेष तेथे होते, पण त्यांपैकी एकाचाही विद्यार्थ्यांशी संबंध जोडता आला नाही. त्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये आणखी एका तज्ज्ञमंडळाने तेथे किमान १७ देह जळाले असावेत असे मत दिले आणि वाद पुन्हा पेटला. परंतु २०१९ साली तेथून सुमारे आठशे मीटरवरील एका घळीत हाडे मिळाली, आणि त्यांतील पायाच्या हाडावरून जुलै २०२० मध्ये तिसऱ्या विद्यार्थ्याची ओळख पटली. सगळे त्या एकाच खड्ड्यात संपले, ही गोष्ट त्यानंतर टिकणे कठीण झाले.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. नदीतील पिशवीतल्या एका तुकड्याचा डीएनए जुळला हे सर्वांनाच मान्य आहे. मग सरकारची हकिगत निदान त्या एका मुलापुरती खरी ठरत नाही का? पालकांनी ती नाकारणे भावनिक नाही का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : आपण खात्यातले आहात, म्हणून आपल्याच भाषेत विचारतो : मुद्देमाल जप्त करताना पंच हजर नसतील, सील कोणी केले ते कळत नसेल, आणि पंचनाम्यातील वेळेच्या आधीच तपास अधिकारी त्या जागी वावरताना दिसत असेल, तर त्या मुद्देमालाचे न्यायालयात काय होते?

नेमके असेच घडले. अर्जेंटिनाच्या पथकाने सुरुवातीपासून सांगितले होते की पिशवी पाण्यातून काढली, तेव्हा आणि तो तुकडा तीतून बाहेर आला, तेव्हा आपण तेथे नव्हतो. त्यामुळे तुकडा कोणाचा हे आपण मान्य करतो, पण तो कुठून आला याची हमी देऊ शकत नाही. सरकारी नोंदीप्रमाणे पिशवी २९ ऑक्टोबर २०१४ रोजी सापडली. तज्ज्ञगटाने एप्रिल २०१६ मध्ये मात्र एक चित्रफीत समोर आणली. तीत गुन्हे तपास यंत्रणेचे प्रमुख तोमास सेरोन आदल्या दिवशी, २८ तारखेला, एका संशयिताला घेऊन त्याच नदीकाठी दिसतात, आणि त्या भेटीची तपासाच्या कागदपत्रांत नोंद नव्हती. सेरोन पुढे इस्रायलला गेले आणि मेक्सिकोने त्यांच्या प्रत्यार्पणाची मागणी केली.

हाडाचा तुकडा माणसाचे नाव सांगतो. तो माणूस कुठे मेला, कोणी मारला, तो तुकडा तेथे कसा आला, हे डीएनए सांगत नाही. ते पंचनामा, साक्षी आणि ताब्याच्या नोंदी सांगतात. या प्रकरणात साक्षींचीही तीच गत झाली. सरकारची हकिगत मुख्यतः टोळीतील आरोपींच्या कबुलीजबाबांवर उभी होती, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मार्च २०१८ मध्ये निदान ३४ आरोपींचा छळ झाला असे मानायला सबळ आधार असल्याचे नोंदवले. त्यानंतर न्यायालयांनी अनेक आरोपींना मोकळे केले. त्यांतले काही खरोखरच गुन्हेगार असणे शक्य आहे, आणि तसे असेल तर त्यांना वाचवले ते मारहाण करणाऱ्या तपास अधिकाऱ्यांनीच.

ऑगस्ट २०२२ मध्ये, २०१८ साली सत्तेवर आलेल्या सरकारच्या सत्य आयोगाने या घटनेला ‘राज्यसंस्थेचा गुन्हा’ म्हटले आणि त्याच महिन्यात मुरिय्यो कराम यांना अटक झाली. मोर्चांतून पालक ज्या घोषणा देत आले आहेत, त्यांतली सर्वांत प्रसिद्ध अशी आहे : ‘जिवंत नेलेत, जिवंत परत द्या.’ आपल्याला ती भाबडी वाटणे समजू शकते. मला ती तशी वाटत नाही. नेले तेव्हा मुले जिवंत होती आणि ती सरकारी गणवेशातील माणसांच्या ताब्यात होती, एवढे तर निर्विवाद आहे. पुढचा हिशेब देण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्यावर येते. कायद्याचा साधा नियमही हाच आहे.

प्रश्न : डीएनएपेक्षा दात बरे नाहीत का? (एक दंतवैद्य, मडगाव)

उत्तर : आगीच्या बाबतीत बहुधा बरेच. दंतवल्काखाली, म्हणजे दातावरील टणक आवरणाखाली, दाताचा आतला भाग सुरक्षित राहतो, आणि १८४९ मध्ये बोस्टनमध्ये झालेल्या एका खुनाच्या खटल्यात तर भट्टीतून निघालेली कवळी ती बनवणाऱ्या दंतवैद्यानेच ओळखली आणि आरोपी प्राध्यापकाला फाशी झाली. पण जुळवायला आधीची नोंद लागते, आणि गरीब घरातल्या विशीतल्या मुलाची अशी नोंद कुठल्याही देशात क्वचितच मिळते.

प्रश्न : मृतदेहच मिळाला नाही किंवा ओळखू आला नाही, तर आपल्या देशात खुनाचा खटला उभा राहतो का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : राहतो. १९८१ च्या रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की मृतदेह सापडणे ही शिक्षेची अपरिहार्य अट नाही. मात्र मृत्यू झाला आणि तो खुनानेच झाला, हे इतर विश्वासार्ह पुराव्याने सिद्ध व्हावे लागते. मृतदेह नष्ट केला की सुटका, असा नियम असता तर सर्वांत निर्दय खुनीच सर्वांत सुरक्षित राहिला असता. पण मृतदेह नसताना परिस्थितिजन्य पुराव्याची कडी न् कडी जुळावी लागते, आणि तपासात एक जरी खोटी कडी घुसली तरी सगळी साखळी निकामी होते.

प्रश्न : माझा भाऊ बऱ्याच वर्षांपासून बेपत्ता आहे. मेक्सिकोबद्दल वाचून प्रश्न पडला, की त्या पालकांनी नमुने दिले तसे आम्हीही काही द्यावे का? (एक वाचिका, जळगाव)

उत्तर : होय, आणि विलंब करू नये. आयोत्सिनापाच्या शोधात ऑक्टोबर २०१४ मध्ये इग्वालाजवळच्या खड्ड्यांतून २८ मृतदेह निघाले. ते विद्यार्थ्यांचे नाहीत हे लवकर सांगता आले, कारण पालकांचे नमुने तपासणीसाठी हाताशी होते. ते मृतदेह मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी घरचे होते. मे २०२२ मध्ये मेक्सिकोच्या अधिकृत नोंदीतील बेपत्तांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली, आणि शवागारांत व सामूहिक कबरींत ओळख न पटता पडलेले मृतदेह पन्नास हजारांहून अधिक होते. जुळवणीसाठी घरच्यांचे नमुने नसतील तर दोन्ही याद्या शेजारी असूनही एकमेकींना भेटत नाहीत.

आपण सर्वप्रथम पोलीस ठाण्यात बेपत्ता व्यक्तीची नोंद झाली आहे का ते पाहावे आणि तिची प्रत आपल्याजवळ ठेवावी. त्यानंतर तपास अधिकाऱ्याकडे कुटुंबाचे नमुने घेण्याची लेखी मागणी करावी. आई-वडील हयात असतील तर दोघांचेही नमुने सर्वांत उपयोगी पडतात. ते नसतील तर आपला स्वतःचा, आईच्या बाजूने मावशीचा किंवा मामाचा, आणि भावाला मुले असतील तर त्यांचा नमुना घेता येतो. आत्याचा किंवा काकाचा मायटोकॉन्ड्रियाच्या तपासणीत उपयोग होत नाही. मात्र काकाचा नमुना वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या तुलनेला चालतो. भावाचे दातांचे क्ष-किरण चित्र, हाड मोडले असल्यास त्या वेळचे रुग्णालयाचे कागद, आणि हसताना दात स्पष्ट दिसतील असे छायाचित्र जपून ठेवावे. त्याचा जुना कंगवा किंवा दात घासायचा ब्रश घरात असेल तर तो धुऊ नये. कोरड्या कागदी पाकिटात ठेवून त्यावर तारीख लिहावी, आणि पोलिसांच्या हाती देताना पोचपावती मागून घ्यावी.