घड्याळ खरंच मागे पडतं, की नुसतं तसं दिसतं?

प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ खरंच मागे पडतं, की बाहेरून नुसतं तसं दिसतं? आणि आत बसलेल्याला ते जाणवतं का? असे दोन प्रश्न आहेत तुमचे.

यान, जुळे भाऊ वगैरे नेहमीची उदाहरणं बाजूला ठेवा. त्या जुळ्यांनी जेवढा गोंधळ घातलाय तेवढा मूळ सापेक्षता सिद्धान्तानेही घातला नसेल. म्यूऑन घ्या. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की वर हे कण तयार होतात; आत्ताही तुमच्या अंगातून आरपार जात असतील. थांबलेला म्यूऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत मोडतो.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे १९०० मीटर उंचीवर, प्लास्टिकचा एक ठोकळा ठेवला. म्यूऑन आत थांबला की एक चमक, मोडला की दुसरी. तासाला ५६३ सापडले. वेग प्रकाशाच्या ०.९९५ पट, म्हणजे समुद्रसपाटीला यायला ६.४ मायक्रोसेकंद. वर मोजलेल्या आयुष्यांवरून हिशेब केला तर खाली जेमतेम २७ पोचायला हवेत. समुद्रसपाटीजवळच्या, अमेरिकेतल्याच केंब्रिजला मोजले तर ४०८!

मधल्या हवेत म्यूऑन थोडे मंदावतात. म्हणून खाली मोजताना त्यांनी ठोकळ्यावर कण मंदावायला रचलेलं लोखंड तेवढ्या हिशेबाने कमी केलं, म्हणजे दोन्हीकडे मूळच्या सारख्याच वेगाचे कण पकडले जातील. मला हीच युक्ती सगळ्यात आवडते.

तर हा भास नाही. मेलेले कण भासाने जिवंत होत नाहीत. त्यांच्या घड्याळात त्या प्रवासाला ०.७ मायक्रोसेकंदच लागले.

जाणवतं का? अजिबात नाही. म्यूऑनच्या मते तो जागच्या जागी आहे, घड्याळ नेहमीसारखं चालू आहे, आणि डोंगरच वर धावत येतोय, तोही आखडून दोनशे-सव्वादोनशे मीटरचा झालेला. हिशेब वेगळा, पोचणारे मात्र तितकेच.

आता कोणीतरी म्हणेलच, ‘मग म्यूऑनला आपलं घड्याळ मागे वाटत असेल, खरं कुणाचं?’ सरळ रेषेत जाताना दोघांचंही खरं, कारण ते पुन्हा भेटतच नाहीत. पण १९७०च्या दशकात युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेत म्यूऑन वर्तुळात फिरवले, ०.९९९४ पट वेगाने. दर फेरीला त्याच जागी परत. तिथे ते सरासरी ६४ मायक्रोसेकंद जगले. म्हणजे पुन्हा भेटल्यावर मागे पडलेलं घड्याळ म्यूऑनचंच.