अल्बमसाठी सगळी बचत मोडू का?

तुमचा मेल दोनदा वाचला. दहा गाणी तयार आहेत, जुन्या वळणाचा फोक-पॉप अल्बम टेपवर रेकॉर्ड करायचाय, 500 विनाइल, म्हणजे गाण्यांच्या तबकड्या, काढायच्यात आणि त्यासाठी वर्षभराच्या घरखर्चाएवढी बचत पूर्ण मोडायची, कमी पडलं तर पर्सनल लोन. अल्बम कराच, पण पैसे असे घालू नका.

गाण्यावर जगणाऱ्याची कमाई दर महिन्याला सारखी नसते, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा, त्याला हात लावायचाच नाही. उरलेल्यात रेकॉर्डिंग बसवा. लोन नकोच, हप्ता लगेच सुरू होतो आणि गाण्याचे पैसे थेंबाथेंबाने येतात, स्पॉटिफायवर तर 2024 पासून ज्या गाण्याला वर्षभरात 1,000 स्ट्रीम होत नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही.

टेपचा हट्ट मला कळतो, तो आवाज मलाही फार आवडतो. पण 24 ट्रॅकची दोन इंची रीळ सेकंदाला 15 इंचाच्या स्पीडला साधारण 33 मिनिटं चालते, 30 ला त्याच्या निम्मी, म्हणजे टेकवर टेक घेत बसलात की रिळं पण जातात आणि स्टुडिओचे तास पण. त्यापेक्षा रेकॉर्डिंग डिजिटल करा आणि फक्त शेवटचं मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र केलेलं गाणं, टेपवर उतरवा, बरीचशी ऊब त्यातही येते.

खरी भीती मला विनाइलची वाटते. लॅकर कापणं (मूळ तबकडी कोरणं), प्लेटिंग (तिच्यावर धातूचा थर चढवणं), स्टॅम्पर (प्रती छापायचा साचा) हा खर्च पहिली प्रत निघायच्या आधीच होतो, त्यामुळे जास्त काढल्या की एक प्रत स्वस्त पडते, आणि इथेच माणूस फसतो, 500 स्वस्त पडल्या म्हणून काढतो आणि निम्म्या खोक्यातच राहतात. आधी प्रीऑर्डर घ्या, बँडकॅम्प या संगीत विकायच्या वेबसाइटवर अशा विक्रीतून ते साधारण 10 टक्के घेतात, पेमेंटची फी वेगळी. जेवढे पैसे जमतील तेवढ्याच प्रती काढा. आणि हो, एका बाजूला वीसेक मिनिटंच नीट बसतात, अल्बम 40 मिनिटांच्या बराच वर गेला तर दुसरी तबकडी लागेल आणि सगळं गणित बदलेल.

लेबलवाले (रेकॉर्ड कंपनी) मास्टरचे, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे, हक्क मागून अॅडव्हान्स देतायत म्हणालात. तो अॅडव्हान्स तुमच्याच रॉयल्टीतून वळता होतो, मास्टर मात्र त्यांच्याकडे राहतो. कायमचे हक्क देऊ नका, काही वर्षांचं लायसन्स मागा आणि सही करायच्या आधी कागद वकिलाला दाखवा. प्रीऑर्डर किती आल्या ते कळवा, मग विनाइलचा आकडा मिळून ठरवू.