वेरूळ-अजिंठा: सोमवार-मंगळवारचं गणित

प्रश्न: सोमवार-मंगळवार सुटी आहे. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन वेरूळ आणि अजिंठा दोन्ही जमेल का?

उत्तर: जमेल, पण क्रम चुकवू नका. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. म्हणजे सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलट केलंत, तर दोन्ही दिवस बंद फाटक!

मुक्काम छत्रपती संभाजीनगरला ठेवा. वेरूळ तिथून साधारण 30 किलोमीटर, अजिंठा 100. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे दहाव्या लेण्यातल्या बुद्धमूर्तीवर दुपारनंतर उजेड येतो. 34 लेणी बघायचा हट्ट नको. 10, कैलास (16) आणि जैन लेण्यांपैकी 32 पुरेत. जैन लेणी लांब आहेत, तिथे आवारातल्या बसने जा. वाटेवरचा दौलताबाद किल्ला मात्र सोडा. पायऱ्या खूप, शिवाय अंधारी. गुडघे दुखणाऱ्यांचं ते काम नाही.

अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून पुढचे 4 किलोमीटर बसने जावं लागतं. सुरुवातीला चढ आहे. डोली मिळते, दर आधी ठरवा. चित्रांसाठी 1, 2, 16, 17 आधी बघा, दम उरला तर 26. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, नाहीतर भिंत नुसती काळपट दिसते. फ्लॅश मना आहे. भिंतीलाही टेकू नका: चित्रं मातीच्या गिलाव्यावर आहेत, ओल आणि घर्षणाने पोपडे सुटतात. चपला बाहेर काढाव्या लागतात, मोजे बरोबर असू द्या.