वाचकांचे प्रश्न : भाचीसाठी कवितांचे पुस्तक

प्रश्न : माझ्या बहिणीची मुलगी येत्या महिन्यात ८ वर्षांची होईल. ती ठाण्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. घरात मराठीच बोलते, पण देवनागरी वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते आणि पुस्तक मिटून ठेवते. या वाढदिवसाला खेळण्याऐवजी कवितांचे पुस्तक द्यावे असे मनात आहे. गेल्या वर्षी ‘बालकवी’ हे नाव पाहून मी त्यांच्या समग्र कवितांचा जाडजूड ग्रंथ नेला होता; तो तिने एकदाही उघडलेला नाही. या खेपेस दुकानात बालकवितांची पुष्कळ पुस्तके पाहिली, परंतु बहुतेकांत दात घासा, झाडे लावा, खरे बोला असाच सूर होता. बहिणीचे म्हणणे असे की द्यायचेच तर काही उपयोगाचे दे. निवड काय पाहून करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी त्या ग्रंथाविषयी, कारण अशी गफलत करणारे आपण एकटे नाही. बालविभागाच्या फडताळात बालकवींचा संग्रह लावलेला मी एकाहून अधिक वाचनालयांत पाहिला आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती त्यांच्या कोवळ्या वयामुळे. ते बालांचे कवी होते म्हणून नव्हे. त्यांनी मुलांसाठीही काही लिहिले आणि त्यांची श्रावणावरची कविता शाळेत अनेक पिढ्यांनी पाठ केली, हे खरे. परंतु १८९० ते १९१८ एवढ्याशा आयुष्यात लिहिलेल्या त्यांच्या कवितेत जी उदासी आणि जी शब्दकळा आहे, ती आठ वर्षांच्या मुलीसाठी नाही. ग्रंथ परत मागू नका. ती तेरा-चौदा वर्षांची झाली की एखाद्या पावसाळी दुपारी तो तिचा तिलाच सापडेल.

आता नव्या पुस्तकाविषयी. आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती वयाची नसून ही आहे की मुलगी मराठी अस्खलित बोलते आणि अडखळत वाचते. याचा अर्थ तिचा कान आठ वर्षांचा आहे आणि डोळा सहा वर्षांचा. पुष्कळ मोठी माणसे अशा वेळी डोळ्याच्या मापाचे पुस्तक घेतात, म्हणजे ठळक अक्षरांचे, बिनजोडाक्षरांचे, चिऊकाऊचे; आणि मग मुलाला ते बाळबोध वाटते, कारण त्याची समज केव्हाच पुढे गेलेली असते. कवितेचे पुस्तक कानाच्या मापाने घ्यावे. गोष्टीच्या पुस्तकात जोडाक्षर अडले की वाक्य तुटते आणि मूल कंटाळते. कवितेत मात्र ओळ आधी कानावर पडलेली असेल, तर जीभ डोळ्याच्या पुढे धावते आणि अडलेले अक्षर ताल स्वतःच सोडवून देतो. पाठ असलेली कविता पुस्तकात बोट ठेवून ‘वाचणारे’ मूल फसवणूक करत नसते. पुष्कळ मुले वाचनाकडे याच वाटेने येतात. बहिणीला ज्या उपयोगाची चिंता आहे, तो उपयोग इथे आहे, आणि तो बोधाच्या कवितेपेक्षा गमतीच्या कवितेत अधिक आहे, कारण गमतीची कविता मूल पुन्हा पुन्हा म्हणते.

म्हणून दुकानात पुस्तक हाती आले की मधलेच एखादे पान उघडावे आणि एक कविता ओठांतल्या ओठांत नव्हे, तर ऐकू येईल अशी म्हणून पाहावी. दुकानदार चमकून पाहील, पाहू द्यावे. चांगल्या बालकवितेचा ताल पहिल्या दोन ओळींतच हाताला लागतो आणि नकळत काउंटरवर बोटे वाजू लागतात. जिथे आपलीच जीभ अडखळते, तिथे दोष बहुधा आपला नसतो. उदाहरणासाठी एक वाईट जोडी मीच रचून देतो :

सकाळी लवकर उठावे छान,
मोठ्यांचा राखावा नेहमी मान.

ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन अशा मोजल्या, तर पहिल्या ओळीत १७ मात्रा आहेत, दुसरीत २०. ‘छान’ हा शब्द केवळ ‘मान’साठी आला आहे आणि ‘नेहमी’ हा निव्वळ भरीचा आहे. या दोन ओळी ऐकून मुलाच्या डोळ्यांपुढे काही म्हणता काही उभे राहत नाही. सकाळी उठण्याचा कंटाळा तेवढा आठवतो. आता ही दुसरी, तीही माझीच आणि तीही काही थोर नव्हे :

ढग म्हणाला डोंगराला,
जरा सरक ना बाजूला.

दोन्ही ओळी १४ मात्रांच्या आहेत, एकही शब्द भरीचा नाही, आणि ढग व डोंगर यांचे बाकावरच्या दोन मुलांसारखे भांडण लागलेले दिसते. पुढे डोंगर काय म्हणाला, हे मूल स्वतःच विचारील. मात्रा मोजत बसण्याची गरज आपल्याला नाही, कान ते काम करतो. परंतु ‘छान’, ‘मस्त’, ‘सुंदर’, ‘हो’ असे शब्द ओळीच्या शेवटी वारंवार दिसू लागले, तर पुस्तक जागेवर ठेवून द्यावे. चार कविता म्हणून पाहिल्यावर खात्री होते.

बोधाविषयी माझा राग आहे असे समजू नये. परंतु पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे आपले जुने बडबडगीत आठवून पाहा : पैसा खोटा निघतो आणि पाऊस मोठा येतो. या व्यवहारात कोणालाही कसलीही शिकवण मिळत नाही, मिळालीच तर जरा संशयास्पद मिळते, आणि तरीही ते गीत मराठी घरांतून हललेले नाही.

नावेच हवी असतील, तर आपल्या भाचीसाठी मी विंदा करंदीकरांपासून सुरुवात करीन. २००३ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी म्हणून मोठ्यांना ते ठाऊक असतात, पण १९६१ मधील ‘राणीची बाग’पासून पुढे तीन दशके त्यांनी मुलांसाठी सातत्याने लिहिले, आणि मोठ्यांच्या कवितेइतकेच कसून लिहिले. मुलांसाठी लिहिताना त्यांनी आवाज लाडिक केला नाही, ही त्यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. ‘एटू लोकांचा देश’ हे पुस्तक आठव्या वर्षाला चपखल बसते, कारण या वयात मुलांना स्वतःचा नकाशा असलेला, उलटसुलट नियमांचा देश फार आवडतो. ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ हे त्याहून धमाल आहे. मात्र मुलगी अंधाराला घाबरते का, एवढे बहिणीला विचारून घ्यावे. काही मुलांची भुताची भीती अशा हसण्याने जाते आणि काहींची रात्री दहा वाजता परत येते. भाची ठाण्याची असल्यामुळे ‘राणीची बाग’ देण्यात आणखी एक सोय आहे : पुस्तक दिल्यानंतरच्या रविवारी तिला भायखळ्याच्या त्याच बागेत नेता येते. बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण मुंबईकरांच्या तोंडी ती राणीची बागच राहिली आहे. पिंजऱ्यापुढे उभे राहून म्हटलेली कविता मूल विसरत नाही.

नुसते जुन्यांवर थांबायचे नसेल, तर साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार अलीकडे मराठीत दोनदा कवितासंग्रहांना मिळाला आहे : २०२३ साली एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ला आणि २०२५ साली सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला. परंतु पुरस्काराचा शिक्का पाहून न थांबता हीही पुस्तके दुकानात म्हणूनच पाहावीत. आपली जीभ ज्या पुस्तकात रमते, ते आपण भाचीला रंगून वाचून दाखवाल. इतर कितीही थोर असले तरी दाखवणार नाही.

छपाईकडेही एक नजर टाकावी. कागद वाचवण्यासाठी दोन ओळी एका ओळीत कोंबलेल्या असतील, किंवा गडद रंगीत चित्रावरच अक्षरे छापलेली असतील, तर अडखळत वाचणाऱ्या मुलीची तिथे दमछाक होईल. एका पानावर एक कविता आणि भोवती थोडी मोकळी जागा एवढे पुरे आहे. चित्रे कृष्णधवल असली तरी बिघडत नाही, उलट ती रंगवता येतात. समग्र, निवडक, ‘१०१ बालगीते’ अशा ठोकळ्यांपेक्षा सोळा-बत्तीस पानांचे पातळ पुस्तक घ्यावे. ते एका बैठकीत संपते आणि मुलाला पुस्तक संपवल्याचा अभिमान मिळतो. उरलेल्या पैशांत दुसरे पातळ पुस्तक येईल, ते दिवाळीसाठी ठेवावे.

आणि पुस्तक नुसते हाती देऊन निघू नये. ज्या मराठी बालगीतांनी चांदोबालासुद्धा मामाच करून टाकले आहे, तिथे खऱ्या मामाने दोन कविता म्हणून दाखवायला लाजण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझा नातू ४ वर्षांचा असून अमेरिकेत असतो. मराठी समजते, बोलणे इंग्रजीत. मुलगा म्हणतो, “आई, पुस्तके आणू नकोस, तो वाचणार नाही.” मी काय करावे?
— एक आजी, नागपूर

उत्तर : चार वर्षांचे मूल सहसा कोणत्याच भाषेत वाचत नाही, हे चिरंजीवांना सांगावे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक तिकडे न्यावी आणि एक आपल्या उशाशी ठेवावी. व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकच पान उघडावे, आपण ओळ म्हणावी आणि शेवटचा यमकाचा शब्द मुद्दाम गाळावा. तो शब्द नातू भरील. पहिल्यांदा चुकीचा भरील, तोही चालवून घ्यावा. ‘आज मराठीत बोल’ असे सांगितल्यावर जे मूल मुके होते, तेच या खेळात मराठी शब्द सहज उच्चारते, कारण तिथे त्याला बोलायचे नसते, आजीला हरवायचे असते. प्राणी, गाडी, पाऊस आणि भरपूर आवाज असलेल्या कविता निवडाव्यात. खमंग, भुरभुर, गडगड यांसारख्या शब्दांचा अर्थ समजावून सांगू नये. गडगड म्हणताना आपले डोळे जे सांगतात, ते पुरेसे असते.

प्रश्न : भेट दिलेल्या पुस्तकावर काय लिहावे? नुसते ‘सप्रेम भेट’ कोरडे वाटते.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मुलाचे घरातले लाडाचे नाव, तारीख, गाव आणि आपल्याला सर्वांत आवडलेल्या कवितेचा पान क्रमांक. मूल तेच पान आधी उघडते.