सोयाबीन तेल प्लांटचा पीएफडी (प्रोसेस फ्लो डायग्रॅम, म्हणजे माल कुठून कुठे जातो याचा आराखडा) काढायला सुरुवात कुठून करायची?

लातूरच्या सॉल्व्हंट प्लांटवर (द्रावकाने तेल काढणाऱ्या कारखान्यावर) प्रोजेक्ट करताय आणि थेट ऑटोकॅड उघडून बसलात, असं तुम्ही लिहिलंय. ऑटोकॅड तूर्त बंद ठेवा. आधी वहीत मालाचा हिशोब मांडा: 100 टन सोयाबीनमध्ये साधारण 18 ते 20 टन तेल असतं, बाकी पेंड, साल, ओलावा. आकडे जुळले की मग चौकोन काढा: सफाई, क्रॅकर (दाणे फोडणारा), फ्लेकर (त्यांच्या पातळ पापड्या करणारा), एक्स्ट्रॅक्टर (हेक्झेन या द्रावकाने तेल ओढून काढणारा).

इथून दोन वाटा फुटतात. तेल आणि हेक्झेनचं मिश्रण, म्हणजे मिसेला, बाष्पीभवनाकडे जातं. हेक्झेनने भिजलेली पेंड डिसॉल्व्हंटायझरकडे, म्हणजे पेंडीतलं हेक्झेन उडवणाऱ्या यंत्राकडे. दोन्हीकडची हेक्झेनची वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत एक्स्ट्रॅक्टरला येते. ही परतीची रेघ विद्यार्थी हमखास विसरतात, आणि माझ्या मते अख्ख्या प्लांटचा जीव तिच्यातच आहे.

प्रत्येक प्रवाहाला नंबर, खाली तक्त्यात तापमान, दाब, ताशी किलो. ड्रेन, छोटे व्हॉल्व्ह, इंटरलॉक (सुरक्षेसाठी आपोआप चालणारी अटकाव-सोय) इथे नकोत, ते पी अँड आयडीत, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या सविस्तर आराखड्यात.

कागद ऑपरेटरला नक्की दाखवा. कंडेन्सरचं पाणी मे महिन्यात किती तापतं, ते त्याला विचारा. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, डिसेंबरमधला आकडा लिहून भागणार नाही.