स्क्रीनवर ३१८, ब्रोशरवर ४५०, मग गाडी खरी चालते किती?

वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही डोंबिवलीचे. आठ महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली, बॅटरी ४० युनिटची, ब्रोशरवर रेंज ४५० किमी. दिवाळीत माहेरी कोथरूडला निघालो, चौघं जण आणि डिकी भरून सामान. निघताना बॅटरी १०० टक्के आणि स्क्रीनवर ३१८ किमी दाखवत होतं. १४० किमी चालून पोचलो तर बॅटरी ४० टक्के आणि स्क्रीनवर ९४! म्हणजे चाललो १४० आणि कमी झाले २२४. येताना त्याच रस्त्याने ४८ टक्क्यांतच घरी आलो, उलट खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी दोन टक्के वाढली. सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप लावून म्हणतात सगळं नॉर्मल आहे, सासरे म्हणतात आपल्याला फसवलं. बॅटरी खराब आहे का? मला तर आता गाडी गावाबाहेर काढायचीच भीती वाटायला लागलीय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमची बॅटरी ठणठणीत आहे, आणि हे मी तुमच्याच आकड्यांवरून सांगतोय. जाताना येताना टक्के लिहून ठेवलेत हे फार चांगलं केलंत, नाहीतर नुसतं "रेंज कमी मिळते" एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही.

आधी एक सवय सोडा, किलोमीटरच्या आकड्याकडे बघायची. त्याऐवजी युनिट बघा. लाइट बिलावर असतं तेच युनिट, बॅटरीवर किलोवॉट-अवर लिहिलेलं असतं ते हेच. तुमच्या टाकीत ४० युनिट मावतात. जाताना ६० टक्के गेले म्हणजे २४ युनिट, १४० किमीला. म्हणजे १०० किमीला साधारण १७. येताना ४८ टक्के म्हणजे १९ च्या थोडं वर, १०० ला पावणेचौदाच्या आसपास. दोन्हीचं मिळून १०० किमीला साडेपंधरा युनिट पडले. चार माणसं, सामान, एसी आणि एक्स्प्रेसवेचा स्पीड धरला तर हे अ‍ॅव्हरेज अगदी चांगलं आहे, सर्व्हिस सेंटरवाले खरंच बोलतायत.

आता तो ३१८ कुठून आला ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गाडीला पुढचा रस्ता माहीत नसतो. बहुतेक गाड्या काय करतात, की मागच्या काही किलोमीटरमध्ये तुम्ही किती वीज खर्च केलीत ते बघतात आणि उरलेली वीज त्याने भागतात. तुम्ही आधीचे आठ-पंधरा दिवस डोंबिवलीतच फिरत असणार, स्टेशन, शाळा, भाजी, तिथे १०० ला साडेबारा युनिट लागले असतील, ४० ला त्याने भागलं की ३१८-३२० येतात. कोथरूडला पोचलात तेव्हा उरले १६ युनिट, आणि आता गाडीच्या आठवणीत ताजा होता हायवे आणि घाट, १०० ला १७. भागून बघा, ९४ च येतात! म्हणजे ते २२४ किमी कुठे गेले नाहीत, सकाळचे ३१८ हे डोंबिवलीतल्या गल्ल्यांचे होते आणि संध्याकाळचे ९४ घाटाचे.

आणि घाट किती खातो ते एकदा हिशोबाने बघा म्हणजे भीती जाईल. खोपोलीच्या पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर चढ आहे. तुमची गाडी माणसांसकट पावणेदोन टन धरली, तर एवढं वजन एवढं उंच उचलायलाच अडीच युनिटच्या वर लागतात, मोटरमधलं नुकसान धरून तीन म्हणा. म्हणजे नुसत्या चढाचे सात-साडेसात टक्के. पुणं स्वतःच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे जाताना ते परत मिळत नाहीत, पुण्यातच वर राहतात असं समजा. येताना मात्र तोच चढ उतार होतो, मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि वीज बॅटरीत परत जाते, पूर्ण नाही मिळत पण बरीचशी मिळते. तुम्हाला खंडाळ्याखाली दोन टक्के वाढलेले दिसले ते हेच. पेट्रोल गाडीत घाट उतरताना टाकीत पेट्रोल वाढलेलं कुणी पाहिलंय का!

स्पीडचं पण सांगतो. वारा कापायला दर किलोमीटरला लागणारी वीज स्पीडच्या वर्गाने वाढते, ८० चे १०० केले की ती दीडपटीच्याही थोडी वर जाते. बाकी टायरचं घर्षण वगैरे फारसं वाढत नाही त्यामुळे एकूण खर्च दीडपट होत नाही, पण स्क्रीनवर फरक लगेच दिसतो. आपल्याला इतकी वर्षं सवय काय, तर गाडी गावात कमी आणि हायवेला जास्त अ‍ॅव्हरेज देते. ते पेट्रोल इंजिनचं, सिग्नलला उभं राहून पण जळत राहायचं म्हणून. इलेक्ट्रिकमध्ये उलटं आहे, गावात स्पीड कमी आणि प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत, म्हणून गावात जास्त चालते. सासऱ्यांना हे एवढं एकच नीट समजावून सांगा, त्यांचा राग निम्मा तिथेच उतरेल.

फक्त एक, गावात सुद्धा एसीचं गणित वेगळं असतं. एसी तासाला एक युनिट खातो असं धरा. शीळफाट्याला १५ च्या स्पीडने रांगत असाल तर १०० किमीला साडेसहा-सात युनिट नुसत्या एसीचे होतात, हायवेला ७५ ने तेच सव्वा-दीड. म्हणून मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये कमी चालली तर घाबरू नका.

राहिला ४५०. तुमचं माहेर कोथरूडला, तर तिथली एआरएआय टेकडी माहीतच असेल, हा आकडा लोक त्याच एआरएआयच्या, म्हणजे गाड्यांची टेस्ट करणाऱ्या संस्थेच्या, नावाने ओळखतात. ही टेस्ट रस्त्यावर नाही होत, गाडी रोलरवर उभी करतात, एसी बंद, आणि ठरलेल्या पद्धतीने स्पीड कमीजास्त करत चालवतात. तिचे दोन भाग आहेत, पहिला गावातल्यासारखा ५० पर्यंतचा, दुसरा मोकळ्या रस्त्यासारखा पण तोही ९० च्या वर जात नाही. आधी बऱ्याच गाड्यांच्या जाहिरातीत फक्त पहिल्या भागावरचा आकडा असायचा. अलीकडे काही कंपन्या दोन्ही भागांचा मिळून देतात आणि बरोबर प्रत्यक्षात किती मिळेल तेही वेगळं सांगतात, ते मला मनापासून आवडलं. ४० युनिटमध्ये ४५० म्हणजे १०० ला नऊ युनिट सुद्धा नाही, एसी लावून चार माणसं घेऊन ते कसं जमणार? आकडा खोटा नाही, पण तो दोन गाड्यांची आपसात तुलना करायला आहे, पुण्याला जायला नाही. शोरूममध्ये हे तुम्हाला सांगायला हवं होतं, न सांगता गाडी विकणं मला अजिबात पटत नाही.

मग तुमच्या गाडीचा खरा आकडा कोणता? ४० ला साडेपंधराने भागा, हायवेला २६० किमीच्या जवळपास. पण शून्यावर कुणी नेत नाही, १० टक्के ठेवायचेच, मग राहिले २३०-२३५. आणि वाटेत फास्ट चार्जर लावलात तर ८० टक्क्यांनंतर चार्जिंग फार हळू होतं म्हणून लोक ८० ला काढतात, म्हणजे तिथून पुढचा टप्पा १० ते ८० चा, १८० किमी. कोल्हापूर, महाबळेश्वर कुठेही जा, हे दोन आकडे डोक्यात ठेवून चार्जर ठरवा. मी स्वतः डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही ठेवतो, निघताना ट्रिप मीटर शून्य करायचा, पोचल्यावर तारीख, किमी, टक्के आणि "घाट वर" की "घाट खाली" एवढंच लिहायचं. तीन-चार महिन्यांत बायको पण स्क्रीन न बघता सांगायला लागली की साताऱ्याला ४५ टक्के लागतील, आणि तेवढेच लागतात.

प्रश्न : भाऊ, चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार आहे, बॅटरी ३० युनिटची. मालक फुल चार्ज करून स्क्रीनवर २६५ किमी दाखवतो आणि म्हणतो बॅटरी नवीसारखी आहे. विश्वास ठेवू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भाऊ, त्या २६५ वर अजिबात नाही. वर ताईंना सांगितलं तेच, तो आकडा मालकाने गाडी कशी चालवली ते सांगतो, बॅटरीत किती मावतं ते नाही. आठवडाभर चाळीसच्या स्पीडने एसी बंद करून फिरवली की थकलेली बॅटरी पण छान रेंज दाखवते.

मालकाला सांगा, गाडी २० टक्क्यांवर आणून ठेवा, घरच्या साध्या चार्जरवर सलग १०० पर्यंत चार्ज करू, आणि मीटरवर किती युनिट पडले ते बघू. ३० च्या ८० टक्के म्हणजे २४ बॅटरीत गेले पाहिजेत, चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के वाया जातात म्हणून मीटरवर २७ च्या आसपास पडायला हवेत. २३ च पडले तर समजा बॅटरीत जेमतेम साडेवीस गेले, म्हणजे आता ती २५-२६ युनिटची राहिलीय. हे ढोबळ आहे, एखाद्या युनिटच्या फरकावर भांडू नका. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर ही टेस्ट करायच्या आधी एकदा पूर्ण १०० पर्यंत चार्ज करून घ्या, कारण त्या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सारखंच असतं, गाडीला टक्के नीट कळत नाहीत, आणि बरेच दिवस फुल चार्ज केली नसेल तर स्क्रीनवरचे २० टक्के खरे २० असतीलच असं नाही.

त्याशिवाय सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट लेखी मागा. बॅटरीला अनेक गाड्यांत ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी असते, ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का ते पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नाही.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. उन्हाळ्यात त्याची गाडी ४०० किमी जायची, जानेवारीत २५० पण जात नाही म्हणतो. एवढा फरक असतो का हो?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका, असतो. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, उतारावर ब्रेकची वीज परत घ्यायलाही ती कुरकुर करते, पण जास्त वीज जाते ती गाडी आतून गरम ठेवण्यात. पेट्रोल इंजिनची उष्णता एरवी वायाच जाते, तीच थंडीत फुकट हीटर म्हणून मिळते. इलेक्ट्रिक मोटर तापतच नाही फारशी, मग हीटरला बॅटरीतूनच द्यावं लागतं. उणे वीसमध्ये छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या तर सगळ्यात जास्त फटका बसतो कारण दर वेळी थंडगार गाडी पहिल्यापासून गरम करायची.

मुलाला सांगा, निघायच्या अर्धा तास आधी गाडी प्लगला असतानाच मोबाइलवरून गरम करायला लाव, म्हणजे ती वीज घरची जाते, बॅटरीची नाही. आणि एकटाच असेल तर पूर्ण गाडी तापवण्यापेक्षा सीट आणि स्टिअरिंगचे हीटर लावून आतला हीटर थोडा कमी ठेव, सीटच्या हीटरला घरातल्या एखाद्या जुन्या बल्बएवढीच वीज लागते.