गॉगल लावून गोल्फ खेळताना पट का हुकतो?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी हेच गाऱ्हाणं मी भेटेल त्याला सांगत होतो. तुम्ही लिहिलंय की वय ५१, नाशिकला राहता, वर्षभरापासून गोल्फ शिकताय. गॉगल लावला की पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा हलका फटका) हुकतो, काढला की डोळ्यांतून पाणी येतं. आणि सोबतचे म्हणतात, पोलराइज्ड घ्या, विषय संपला.

विषय संपत नाही. मी घेतला होता.

आधी हे सांगा, तुमच्या गॉगलला नंबर आहे का, आणि असेल तर काच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेली, आहे का? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची निम्मी भानगड तिथेच असते. माझं सांगतो. एप्रिल महिना, सकाळचे साडेसात, चार फुटांचा उताराचा पट. नवा कोरा, कानापर्यंत वळलेला, प्रोग्रेसिव्ह नंबरचा गॉगल डोळ्यांवर. एका दुकानात साडेअकरा हजार मोजले होते आणि 'स्पोर्टसाठी बेस्ट' असं ऐकून खूश होऊन आलो होतो. चेंडूवर उभा राहिलो तर चेंडू जरा मोठा दिसतोय, कडा पुसट, आणि पटर, म्हणजे पट मारायची काठी, हलवला की जमीनही थोडी डुलल्यासारखी वाटतेय. दोनदा मागे झालो, पुन्हा उभा राहिलो. आमचं सामान उचलणारा कॅडी शांतपणे म्हणाला, "सर, मान आखडलीये का आज?"

मान आखडली नव्हती. मी हनुवटी छातीला लावून काचेच्या वरच्या भागातून चेंडू बघायची धडपड करत होतो. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचायचा, म्हणजे हातभर अंतराचा. चेंडू असतो पायाशी, डोळ्यांपासून दीड मीटर लांब. नजर सहज खाली गेली की ती नेमकी पेपर वाचायच्या भागातून जाते. मग चेंडू धूसर दिसतो, नाहीतर आपण मान वाकवतो आणि उभं राहणंच बिघडतं. कॅडी म्हणाला, काढा आणि मारा. काढला आणि मारला. तोही हुकला, पण का हुकतोय ते त्या दिवशी कळलं.

म्हणून नंबर असेल तर गोल्फच्या गॉगलला फक्त लांबचा नंबर घाला. बायफोकल नको, प्रोग्रेसिव्ह तर नकोच. आणि फ्रेम फार वळलेली घेऊ नका. जास्त वळणाच्या फ्रेममध्ये नंबराची काच साध्या चष्म्यासारखीच घासून बसवली तर कडेला जमीन वाकडी दिसते. त्यासाठी काच वेगळी बनवावी लागते आणि प्रत्येक दुकानदार ते करतोच असं नाही. माझ्या साडेअकरा हजारांत ते नव्हतं, हे नंतर दुसऱ्याने सांगितलं.

आता पोलराइज्डकडे येऊ. पाणी, ओला रस्ता, गाडीची काच यांवरून उसळून येणारा प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेने कंप पावत येतो. पोलराइज्ड काच नेमका तोच अडवते. गंगापूर धरणाच्या काठावर किंवा दुपारी मुंबई हायवेवर गाडी चालवताना ही काच म्हणजे सुख आहे, वाद नाही. पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, आपल्याला ती चकाकीच तर हवी असते!

आपल्याकडच्या बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं. म्हणजे आपली हरळी हो, गणपतीला दूर्वा वाहतो त्याच कुळातली, फक्त संकरित आणि बारीक कापलेली. हे गवत सरळ उभं न वाढता एका बाजूला कलतं. पाती तुमच्यापासून पलीकडे कललेली असतील तर ग्रीन उजळ, चकचकीत दिसतं आणि चेंडू भरभर पळतो. पाती तुमच्याकडे कललेली असतील तर ग्रीन गडद, मळकट हिरवं दिसतं आणि चेंडू अडतो. सकाळी दव असलं तर ओला पट्टा वेगळाच चमकतो, तिथे चेंडू आणखी हळू जाणार हे दुरूनच समजतं. ही सगळी माहिती डोळ्यांना चकाकीतूनच मिळते, आणि पोलराइज्ड काच तीच पुसून टाकते. ग्रीन कसं एकसारखं, चित्रातल्यासारखं गुळगुळीत दिसतं. दिसायला छान, खेळायला फसवं. शिवाय काही घड्याळांचे आणि अंतर मोजायच्या यंत्रांचे पडदे त्यातून काळे ठिक्कर पडतात.

पोलराइज्ड लावून उत्तम खेळणारे लोक आहेत, सवयीचा भाग असतोच. पण वर्षभर शिकणाऱ्याने ही जादा अडचण विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. (गवताचा कल बघायची दुसरी खूण होलच्या काठाला मिळते. एका बाजूची कड तुटकी, वाळकी दिसते, कल त्या बाजूला. ही खूण कुठल्याही गॉगलमधून दिसते.)

मग घ्यायचा कसला? रंग तपकिरी किंवा गुलाबीकडे झुकणारा. त्यात हिरव्यावर पांढरा चेंडू उठून दिसतो, उंचवटे-खळगेही कळतात. राखाडी काच रंग खरे दाखवते पण सगळं सपाट करते. आणि फार काळी काच घेऊ नका. गॉगलच्या काचांचे ० ते ४ असे वर्ग असतात. तिसऱ्या वर्गाची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, दुसऱ्याची १८ ते ४३ टक्के, आणि चौथ्याची ३ ते ८ टक्केच, ती लावून गाडीसुद्धा चालवायची नसते. आपल्या खेळाला दुसरा किंवा तिसऱ्यातला फिकट पुरतो. ग्रीनचा उतार आपण बारीक सावल्यांवरून वाचतो, त्याच गिळल्या तर उरलं काय? त्यात नाशिकला साधारण २० मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. त्या आठवड्यात भर दुपारी ग्रीनवर मुळातच सावली नसते. अशा वेळी काळी काच लावणं म्हणजे डोळे मिटून पट मारण्यासारखं आहे. तसंही मे महिन्यात दुपारी कोण खेळतं म्हणा.

काळेपणा आणि संरक्षण यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मात्र पक्कं डोक्यात ठेवा. डोळ्याचं नुकसान करतात ते अतिनील किरण, ते दिसत नाहीत. 'यूव्ही ४००' म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण काच अडवते, आणि हे अगदी फिकट काचेलाही जमतं. उलट रस्त्यावरचा दीडशे रुपयांचा काळाकुट्ट गॉगल असे किरण अडवणारा नसला तर जास्त वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि आत जास्त किरण शिरतात. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत हे तपासायचं छोटं यंत्र असतं, काच त्यावर धरली की लगेच कळतं. एम. जी. रोडला असेल तुमचा नेहमीचा दुकानदार, त्याला जुना गॉगल तपासून मागा, लाजू नका. काच पॉलिकार्बोनेटची घ्या. ती अतिनील किरण जात्याच अडवते आणि सहजी फुटत नाही. ४५ ग्रॅमचा तो चेंडू शेजारच्या फेअरवेवरून कधी येईल याचा नेम नसतो.

ऊन पडलं की आपोआप काळ्या होणाऱ्या काचा मी वापरून सोडल्या. उष्णतेत त्या कमी काळ्या होतात. म्हणजे डिसेंबरात नाशिकच्या थंडीत मस्त चालतात आणि एप्रिलमध्ये, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा आळशीपणा करतात.

लावायचा कधी आणि काढायचा कधी, यावर खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. अमेरिकेचा गोल्फपटू डेव्हिड डुव्हल तर गॉगलसाठीच ओळखला जायचा आणि त्याने २००१ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली, तेव्हा गॉगलने खेळ बिघडतो असं म्हणता येत नाही. नियमांची साध्या गॉगलला काही हरकत नाही. बरेच जण मात्र पटिंगला काढून टोपीवर चढवतात. मी आता फिकट तपकिरी काच पहिल्या टीपासून शेवटच्या होलपर्यंत काढत नाही. तुम्हाला काढायचाच असेल तर ग्रीनवर पाऊल टाकतानाच काढा, म्हणजे उतार बघून होईपर्यंत डोळे उजेडाला सरावतात. चेंडूवर उभं राहून शेवटच्या क्षणी काढण्यात अर्थ नाही. घेण्याआधी दुकानात पट मारायला उभं राहतो तसं वाका. घसरला तर तो गॉगल परत ठेवा, आणि फ्रेमची खालची कड चेंडूच्या आड येत असेल तरीही ठेवा. दुकानदार बघत राहील, राहू दे.

पाणी येतं म्हणालात, ते नुसत्या उजेडाने येत असेलच असं नाही. सकाळचा वारा आणि कोरडे पडलेले डोळे यांनीही येतं. आणि उन्हात वर्षानुवर्षं वावरणाऱ्यांना बुबुळाच्या कडेला मांस वाढतं, नाकाच्या बाजूने. आरशात तसं काही दिसत असेल तर गॉगल नंतर, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

बाकी नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' सांगू नका, तो तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडेल. त्या मैदानालाच लोक 'गोल्फ क्लब' म्हणतात, पण तिथे क्रिकेट चालतं आणि पहाटे चालायला येणारे असतात. एवढ्या वर्षभरात हे तुम्हाला कळलं असेलच म्हणा.

आणि हो, फक्त लांबचा नंबर घातल्याचा एक तोटा आहे. स्कोअरकार्ड वाचता येत नाही. माझं माझा पार्टनर लिहितो, आणि दर राउंडला माझे दोन स्ट्रोक तरी जास्त लिहितो, असा माझा दाट संशय आहे.